झाकणभर टीसीएल

कारभारी म्हस्के रागावला की आधी हात उठायचा आणि कारण मग सावकाश शोधलं जायचं. हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, भागूबाईला, तर जरा जास्तच ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हापासून तिला डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. मोटार तिनं जाळली नव्हती, पण त्या वेळी समोर तीच होती. एवढं सोडलं तर माणूस कष्टाळू आहे, असं लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जात होतं?

पाचोडच्या अलीकडं त्याची तीनशे झाडांची मोसंबीची बाग होती. दुष्काळाच्या वर्षी आसपासच्या बागा वाळून जळणाला गेल्या, पण कारभारीनं टँकर लावून, बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून बाग जगवली. पुढच्या वर्षी पाऊस असा पडला की बागेत महिनाभर पाणी तुंबलं. जी झाडं तहानेनं मेली नाहीत, त्यांना आता डिंक्या लागला. बुंध्याची साल उकलायची, फटीतून तपकिरी डिंक गळायचा, आतली साल सडून काळी पडायची, पानं पिवळी व्हायची आणि झाड उभ्या उभ्या मरायचं. कारभारीनं सडकी साल सुरीनं खरवडली, मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट फासली. तरी दिवाळीपर्यंत साठ झाडं गेली. मेलेलं झाड तो दुसऱ्या कुणाला तोडू द्यायचा नाही. स्वतः कुऱ्हाड घेऊन जायचा, झाडाला आईबहिणीवरून शिव्या घालायचा आणि फांद्यांचे तुकडे होईपर्यंत थांबायचा नाही. भागूबाई तेवढा वेळ नातीला घरात घेऊन दार लोटून बसायची.

नात म्हणजे ईश्वरी, तीन वर्षांची. मुलगा आणि सून दोघं वाळूजला कंपनीत, दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून पोरगी शेतातल्या घरी आजीपाशी होती.

अशात हैदर आला. हैदर हा कमरोद्दीन बागवानाचा मुलगा. कमरोद्दीनचाचा दरसाल कारभारीच्या बागेतला माल झाडावरच विकत घ्यायचा, उतरवून टेम्पोनं शहरात न्यायचा. हैदर लहानपणी बापाबरोबर यायचा आणि भागूबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी खायचा. आता तो शिकून चिकलठाण्याकडं एका शेडमध्ये स्वतःची लहानशी प्रयोगशाळा चालवत होता. तिथं तो मातीतले उपयोगी जिवाणू वाढवून बाटल्यांत भरायचा. त्यानं बाग हिंडून पाहिली, मुळं उकरली, एक मूळ चिमटीत दाबलं तर त्याची साल सुटून हातात आली. त्यानं कारभारीला समजावलं की रोग वर बुंध्यावर दिसतो, पण बुरशी खाली मुळांत आहे. वरून पेस्ट फासून भागायचं नाही. हे जिवाणू मुळांभोवती आधी जागा धरतात आणि बुरशीला मारणारा रस सोडतात. दोनशे लिटरच्या ड्रमात पाणी, गूळ आणि बाटलीतलं द्रावण घालायचं, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि चौथ्या दिवशी झाडागणिक तांब्याभर, बादलीच्या पाण्यात मिसळून, मुळाशी द्यायचं. मोरचूद मात्र आता बंद, कारण तो बुरशीबरोबर यांनाही मारतो.

"म्हंजी जंतूच की," भागूबाई म्हणाली.

हैदर हसला. म्हणाला, व्हय वहिनी, पण आपल्या बाजूचे.

भागूबाई हसली नाही. जंतू काय करतात हे तिला सांगायला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. सोळा वर्षांपूर्वी श्रावणात गावच्या विहिरीत गढूळ पाणी उतरलं आणि अख्ख्या गल्लीला जुलाब-उलट्या लागल्या. तिची सारजा सहा वर्षांची होती. सकाळी पोरगी खेळत होती, दुपारी तिचे डोळे खोल गेले आणि संध्याकाळी पाचोडच्या दवाखान्याच्या पायरीवर बापाच्या खांद्यावरच ती थंड झाली. नर्सबाई म्हणाल्या, पाण्यात जंतू झाले होते. कारभारीनं पोरीला पुरून आल्यावर विहिरीचा कठडा पहारीनं फोडून काढला, आणि दुसऱ्या वर्षी ही बाग लावली. भागूबाईनं अंगणवाडीत मदतनिसाचं काम धरलं आणि ग्रामपंचायतीकडून आणखी एक काम मागून घेतलं: गावच्या टाकीत टीसीएल टाकायचं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ती पांढरी, नाकाला झोंबणारी पावडर. सोळा वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी ती शिडी चढून टाकीवर जायची. गावात पुन्हा एकही पोर पाण्यानं गेलं नाही. गावानं तिला याबद्दल कधी नारळही दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

तर ड्रम भरला. घराच्या मागच्या बाजूला कडुलिंबाखाली सावली होती, आणि तिथंच प्यायच्या पाण्याचा हौद होता. दोन दिवसांत ड्रमातून आंबूस वास यायला लागला, वर फेसाची साय धरली. कारभारी खूश होता. वाकून वास घ्यायचा आणि बाळसं धरतंय म्हणायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई भांडी घासून उठली तर ईश्वरी विटेवर उभी राहून ड्रमात कोपरापर्यंत हात बुडवत होती आणि गुळाचं पाणी बोटांवरून चाटत होती. तिनं पोरीला ओढलं, तोंडात बोटं घालून ओकायला लावलं, पाठीत दोन धपाटे घातले आणि मग तिला छातीशी धरून स्वतःच रडत बसली.

तिन्हीसांजेला कारभारी बागेत असताना तिनं टीसीएलचा डबा आणला, डब्याचं मोठं झाकण भरून पावडर ड्रमात टाकली आणि काठीनं ढवळली. तिनं मनाशी हिशेब केला होता, आणि तो तिला अगदी बरोबर वाटत होता. पावडर वाईट जंतू मारते. हैदरचे जंतू जर खरंच चांगले असतील, तर त्यांना काही होणार नाही. सोळा वर्षं तीच पावडर पिऊन गावातली माणसं कुठं मेली होती? वास निवला, फेस बसला. ती त्या दिवशी शांत झोपली.

चौथ्या दिवशी कारभारीनं, फेस बसला म्हणजे द्रावण तयार झालं असं समजून, तेच पाणी झाडांना दिलं. महिन्यानं आणखी चाळीस झाडं पिवळी पडली.

हैदर दुसरी खेप घेऊन आला तेव्हा त्यानं रिकाम्या ड्रमात डोकं घातलं आणि तसाच थोडा वेळ राहिला. ड्रमाच्या काठाला पांढरा थर होता, तो त्यानं नखानं खरवडून नाकाशी नेला. मग विचारलं, यात कुणी काही औषधबिवषध टाकलं होतं का? कारभारीला ते लागलं. म्हणाला, तुझं औषध चाललं नाही तर आता आमच्यावर ढकलतो काय. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिलेली भागूबाईनं पाहिली. हैदरनं एकदा तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घालून ज्वारी निवडायला घेतली. बोलली असती तर आज एकच कान अधू होता, उद्या दुसराही गेला असता, आणि तेवढ्यावर निभावलं असतं तरी नशीब. हैदरनं पुढं काही विचारलं नाही. नवा ड्रम भरून दिला, आणि जाताना मोठ्यानं, दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं की हे पाणी एखाद्या लेकरानं चाटलं तरी त्याला काही होत नाही, पण यात दुसरं काही पडलं तर हे जीव मरतात आणि मग झाडं वाचवणारं कुणी उरत नाही.

आता तिला कळलं होतं. आधीची चूक अडाणीपणानं झाली, असं म्हणायला जागा होती. या वेळी तिनं डबा माळ्यावर टाकला आणि दोन दिवस ड्रमाकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी ईश्वरीला जुलाब झाले. पोरीनं सकाळी कच्चे पेरू खाल्ले होते हे तिला माहीत होतं. पण पोरीचे डोळे जरासे खोल दिसले, आणि भागूबाईचं सगळं शहाणपण निघून गेलं. ती माळ्यावर चढली. या वेळी तिनं दोन झाकणं टाकली. संध्याकाळी पोरगी उड्या मारत होती, आणि ड्रमात सगळं मेलेलं होतं.

जाणूनबुजून केलं तिनं, यात काही झाकायचं नाही. तिची दया येते, आणि रागही येतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बागेत निम्मी झाडं उरली. कारभारी जेवेनासा झाला. जेवायला बसला की ताट भिरकावायचा. एकदा त्यानं भागूबाईचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कारण तिनं झाडांचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण काढलं नाही. अशा माणसाला कान भरणारा भेटतोच. त्याचा चुलतभाऊ सांडू रोज बांधावर येऊन बसू लागला. सांडू म्हणायचा, बघ कारभारी, बाप बाग घेणारा आणि पोरगा औषध देणारा. गेल्या साली कमरोद्दीन काय म्हणाला होता, झाडं गेली तर जमीन मला दे. चेष्टेत म्हणाला होता? असली चेष्टा सुचते कशी माणसाला? तुझी बाग मारायला बसलेत दोघं, आणि तू ड्रम ढवळतोस.

भागूबाई चहाचे कप उचलायला आली की हे ऐकायची. तीन-चार वेळा शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. उद्या सांगू म्हणून तिनं ते गिळले.

तो दिवस रविवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला हैदर मोटारसायकलवर तिसरी खेप घेऊन आला. त्यानं गाडी मागं ड्रमापाशी लावली, डिकीतून बाटल्यांची पिशवी काढली आणि राम राम घालायच्या आतच कारभारीची पहिली थप्पड त्याच्या कानशिलावर बसली. बाटल्या दगडावर फुटल्या. हैदर सावरतो न सावरतो तोच कारभारीनं त्याला कॉलरला धरून ड्रमावर आपटलं. एकदा, दोनदा. ड्रम आडवा झाला आणि हैदर त्याच्याबरोबर हौदाजवळच्या चिखलात पडला. सांडूनं मागून येऊन त्याच्या पाठीवर गुडघा रोवला.

"काय टाकलंस बागेत?" कारभारी विचारत होता. "बोल, काय टाकलंस?"

हैदरच्या तोंडात माती गेली होती. तो म्हणाला, भाऊ, बसून बोलू. कारभारीनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. बूट शेतातला होता, जाड टाचेचा. तिसऱ्या लाथेला आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. भागूबाई मागच्या दारात उभी होती. ईश्वरी तिच्या पायाला बिलगून किंचाळत होती. भागूबाईनं तिला उचलून आत ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि पुन्हा तिथंच येऊन उभी राहिली. तिला वाटत होतं, आता थांबेल. नेहमी थांबतो तसा थांबेल. आणखी एक मारेल आणि थांबेल.

तो थांबला नाही. लिंबाला टेकवून ठेवलेली कुऱ्हाड त्यानं उचलली. सांडूनं हैदरचा उजवा हात ओढून विटेवर धरला. याच हातानं विष कालवलंस ना, असं काहीतरी सांडू म्हणाला. कारभारीनं कुऱ्हाडीचं पातं वर केलं आणि मागच्या बोथट तुंब्यानं त्या हातावर घाव घातला. हैदर ओरडला. तो आवाज भागूबाईनं जन्मात कधी ऐकला नव्हता. दुसरा घाव बोटांवर बसला. विटेचे दोन तुकडे झाले. हैदरनं मान वळवली आणि रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी दाराकडं पाहिलं. मग कारभारीकडं पाहून म्हणाला, "माझीच चूक झाली भाऊ. बाटल्या खराब होत्या."

भागूबाईला ते ऐकू आलं. ती सुटली होती. आता बोलायची गरजच उरली नव्हती. आणि हे मनात आलं म्हणून तिला स्वतःची इतकी किळस आली की तिचे पाय हलले.

कारभारीनं कुऱ्हाड फिरवून पातं खाली घेतलं होतं. कबुली मिळाल्यावर तो मोकळा झाला होता. त्याचे हात डोक्याच्या वर गेले तेवढ्यात भागूबाई चिखलात हैदरच्या हातावर आडवी पडली.

"ड्रमात टीसीएल म्या टाकलं," ती म्हणाली. "दोन्ही डाव. जंतू म्या मारले. यानं काय बी केलं नाय."

कुऱ्हाड वर तशीच राहिली. कारभारीनं अगदी हळू आवाजात विचारलं, का. त्याला समजायला वेळ लागत होता. ती म्हणाली, ईश्वरीनं ड्रमातलं बोट चाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. सारजाला खांद्यावर घेऊन पाचोडपर्यंत धावत गेलेला माणूस तोच होता. क्षणभर भागूबाईला वाटलं, हा आता कुऱ्हाड टाकेल आणि खाली बसेल.

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा आडवा करून तिच्या तोंडावर मारला. तिचे दात तिच्याच जिभेवर पडले. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा पाठीवर. तिनं हैदरचा हात सोडला नाही. सांडू मागं सरकला होता. चुलतभावजयीच्या अंगावरचा मार बघायला तो आला नव्हता म्हणे. कारभारीनं चौथ्यांदा दांडा उचलला, तिच्याकडं पाहिलं, आणि एकाएकी वळून बागेत शिरला.

मग कुऱ्हाडीचे आवाज सुरू झाले. आजवर तो मेलेली झाडं तोडायचा. त्या दिवशी त्यानं हिरवी निवडली. ज्या झाडांना डिंक नव्हता, ज्यांच्यावर लिंबाएवढी फळं धरली होती, तीच. एका झाडाला तीन घाव, चार घाव, की पुढचं. फांद्या मोडून पडत होत्या, हिरवी फळं चिखलात लोळत होती, आणि तो शिव्या देत नव्हता. गावातून माणसं धावत आली, बांधावर उभी राहिली. त्याला धरायला कुणी पुढं झालं नाही. दुपारपर्यंत बागेत उभं म्हणावं असं काही उरलं नाही.

कुणीतरी कमरोद्दीनचाचाला फोन केला होता. तो मालाचा टेम्पो घेऊन आला, मुलाकडं पाहिलं आणि टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं. सांडूच्या बायकोनं, दगडाबाईनं, ईश्वरीला बाहेर काढून आपल्या घरी नेलं. हैदरला रिकाम्या क्रेटच्या मधे गोणपाटावर निजवलं. भागूबाई कुणी म्हणायच्या आत टेम्पोत चढली. तिनं आपला पदर फाडून त्याच्या हाताभोवती गुंडाळला होता. त्या गुंडाळीत हाताचा आकार राहिला नव्हता. कमरोद्दीनचाचा पुढं ड्रायव्हरशेजारी बसून मोठमोठ्यानं दुवा मागत होता.

आडूळच्या पुढं रस्ता जरा बरा लागला. हैदरनं डोळे उघडले.

"वहिनी, मला पयल्याच दिवशी वास आला होता टीसीएलचा."

तिचा जबडा हलत नव्हता. कसाबसा तिनं विचारलं, मंग बोलला का नाहीस?

"तुमाला जिता सोडलं नसतं त्यानं," हैदर म्हणाला. मग धापा टाकत पुढं म्हणाला, "आन मला वाटलं, तुमी बोलाल. आज बी वाटत होतं. पयली थापड बसली तवा बी वाटलं, आता बोलाल."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हैदरला आत नेलं. तासाभरानं एक डॉक्टर बाहेर येऊन कमरोद्दीनचाचाकडून सही घेऊन गेला. हात मनगटाच्या वर काढावा लागणार होता. म्हातारा भिंतीला धरून खाली बसला. भागूबाई त्याच्याजवळ गेली नाही. काय तोंडानं जाणार होती?

मग पोलीस जबाब घ्यायला आला. बाकावर तिच्याशेजारी बसला, वही उघडली, तिच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहून जरा चुकचुकला. म्हणाला, बाई, घाई नाही, सावकाश सांगा. कुणीकुणी मारलं त्या पोराला?

भागूबाईनं रक्त गिळलं.

"तिघांनी," ती म्हणाली. "कारभारी म्हस्के. सांडू म्हस्के."

पोलिसानं दोन नावं लिहिली आणि तिसऱ्यासाठी पेन टेकवून वर पाहिलं.

"भागूबाई म्हस्के," तिनं सांगितलं.

तो म्हणाला, बाई, ते तुमचं नाव झालं, तुम्ही तर स्वतः मार खाल्लाय, तुम्ही कुठं मारलंत त्याला? डोक्याला मार लागलाय, आपण उद्या बोलू. त्यानं वही मिटायला घेतली. भागूबाईनं तिच्या पानावर हात ठेवला.

"लिवा," ती म्हणाली. "समद्यांच्या आधी माहं नाव लिवा."